पाठीराखा

वेंतुराचा बाप म्हणायचा, तारागोनात विहीर खणू नये. पाणी लागायच्या आधी रोमन लागतो. बाप गवंडी, आजा गवंडी आणि तिसरा वेंतुरा. तिघांनाही जन्मभर रोमन लागत आले. वरच्या शहरात, कॅथीड्रलच्या खालच्या गल्ल्यांत, एक घर असं नाही की ज्याच्या पोटात दुसऱ्याचं घर नाही. चपलांच्या दुकानाची मागची भिंत रथांच्या मैदानाची आहे, न्हाव्याच्या आरशामागे कमान आहे, आणि कुणाच्या दाराचा उंबरा म्हणजे कुणाची तरी समाधी आहे. दोन हजार वर्षं इथले लोक एकमेकांचे दगड उचलून आपापल्या भिंतीत घालत आले. त्यात कुणाला पाप वाटत नाही. वेंतुरालाही वाटलं नसतं. पण त्यानं बसवलेल्या एका दगडाबरोबर एक जिवंत माणूसही गाडला गेला, आणि ते पंचेचाळीस वर्षं फक्त त्याला आणि त्याच्या बहिणीला ठाऊक होतं.

आता तो चौऱ्याहत्तरचा. काम सोडून नऊ वर्षं झाली, पण सकाळी हात पाठीमागे बांधून गल्लोगल्ली फिरायचं आणि दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या, हे सुटलं नव्हतं. "हा ओळंबा कुणी लावला, बोक्यानं?" असं तो परक्या गवंड्यालाही विचारायचा, आणि तेही ऐकून घ्यायचे. कारण वेंतुरा म्हणजे साधा माणूस नव्हे. वीस वर्षं तो माणसांच्या मनोऱ्याच्या तळाला उभा राहिलेला. ज्याच्या खांद्यावर आठ थर उभे राहिले त्याला आमच्या गावात कुणी उलट बोलत नाही.

एका गल्लीत मात्र तो गेले तीन आठवडे फिरकला नव्हता. तिथे त्याची बहीण तेक्ला हिची बेकरी होती. मेहुणा इसिद्रे वारला, तेक्लाचे गुडघे गेले, बेकरी विकली गेली. घेणाऱ्या तरुण जोडप्याला तिथे दारूचं दुकान काढायचं होतं, आणि हल्लीची रीत अशी की भिंतीचा गिलावा खरवडून आतले जुने दगड गिऱ्हाइकाला दाखवायचे. खरवडणं सुरू झाल्याचं कळलं त्या दिवसापासून वेंतुरा पाव आणायलाही लांबच्या वाटेनं जाऊ लागला.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी मिरेयानं त्याला वळणावर गाठलंच. पुरातत्त्वाचं काम करणारी ही पोरगी जुन्या भिंतींची पाहणी करायची. कपड्यांवर कायम धूळ आणि तोंडात कायम प्रश्न.

"अहो आजोबा! चुकवून कुठे निघालात?"

"चुकवून कशाला? पाय नेतील तिकडे."

"मग पायांना म्हणावं दोन मिनिटं इकडे. तुमच्यासारखं जुनं खोड मला आज हवंच होतं."

आत अजून पिठाचा वास होता. भट्टीच्या डाव्या अंगाची भिंत उघडी पडली होती. ओबडधोबड दगडांच्या मधोमध एक सपाट पाटी, कडेला कोरीव पट्टी. वेंतुराला ती दाखवावी लागली नाही. डोळे मिटूनही त्यानं तिच्यावर बोट ठेवलं असतं.

"संगमरवर आहे," मिरेया म्हणाली. "तोंड आत, पाठ बाहेर. फटीतून बारीक कॅमेरा घातला तर आत अक्षरं! सात वर्षांच्या मुलीची समाधी. आईबापांनी बसवलेली."

"मुलीची?"

"हो ना. बिचारी. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभी केलीय."

वेंतुराला लॅटिन वाचता येत नव्हतं. पाटीवर कुणाचं तरी नाव असेल इतकंच त्याला तेव्हा वाटलं होतं, एखादा सरदार, सावकार. सात वर्षांची पोर असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तरी त्यानं विचारलं, "कधी बसवला असेल?"

"पहिल्या नजरेला तरी दोन-अडीचशे वर्षं. चुना बघा ना! सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घातलीय, राख घातलीय, वर भट्टीचा धूर बसलाय. असा चुना हल्ली कोण मळतं? जो कुणी असेल त्या गवंड्याच्या हाताला सलाम." तिनं दगडांच्या सांध्यातल्या दरजेवरून मायेनं बोट फिरवलं. "गुरुवारी काढणार आहोत. मग या दरजा मोडतील. म्हणून म्हटलं, तुम्ही आधी बघून घ्या."

वेंतुरानं बघितलं. आयुष्यात त्याच्या कामाची इतकी स्तुती कुणी केली नव्हती, आणि त्याला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. तब्येतीचं निमित्त काढून तो बाहेर पडला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

ही गोष्ट १९७४ च्या ऑगस्टमधली. इसिद्रेनं बापाची हेझलनटची बाग विकून ते दुकान घेतलं होतं. भट्टीचा पाया खणायला दोघं जण: वेंतुरा आणि सादुर्नी. पंधराव्या वर्षापासून दोघांची जोडी. एकानं घमेलं उचललं की दुसऱ्याची थापी तयार. आणि कामापेक्षाही मोठी जोडी चौकात, मनोऱ्यात.

मनोऱ्याच्या तळाच्या माणसाला सगळे ओळखतात, पण तो उभा राहतो तो पाठीराख्याच्या जिवावर. पाठीराखा त्याच्या मागे उभा राहतो, छाती त्याच्या पाठीला भिडवतो, हात त्याच्या बरगड्यांखाली घालून भार वर उचलून धरतो. वरचे थर चढू लागले की तळाच्या माणसाला काही दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त पाठीवरचा श्वास. आणि तळाच्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं. वळला की खांदा हलतो, खांदा हलला की वरचं सगळं खाली. वेंतुराचा पाठीराखा सादुर्नी होता. कमरेचा लांब काळा पट्टा गुंडाळतानाही दुसरं टोक ताणून धरायचा तोच. "श्वास सोड रे ढेरपोट्या," म्हणायचा, "नाहीतर पट्टा संपेल नि पोट उरेल!"

पाण्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सादुर्नीच्या कुदळीला पाटी लागली. त्यानं टोपीनं माती पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"वेंतुरा, हे सांगायला लागेल."

"सांगू."

"उद्या सण. परवा सकाळी मीच संग्रहालयात जातो. असलं गिळायचं नसतं बाबा, घशात अडकतं."

सांगणं म्हणजे काय, हे गावात पोरासोरांनाही माहीत होतं. दोन गल्ल्या सोडून एका चांभाराच्या दुकानात असाच दगड निघाला, तर संग्रहालयानं ते दोरी बांधून ठेवलेलं. सहा वर्षं झाली, आत गवत गुडघ्याएवढं वाढलं, चांभार कंटाळून निघून गेला. त्या रात्री जेवताना इसिद्रे वेंतुरासमोर रडला. "सहा वर्षं मी काय करू? दगड चाटू?" तेक्ला सातव्या महिन्याची गरोदर. तिनं फक्त भावाच्या ताटात आणखी मासा वाढला, आणि वेंतुराला तेच सगळ्यात जड गेलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या संताच्या झऱ्याचं पाणी गाड्यांवरून शहरात आलं. सगळं गाव घागरी, बाटल्या, मिळेल ते भांडं घेऊन वेशीशी रांगेत उभं. वेंतुरा दुकानात एकटा. धुराड्यासाठी बाजूची भिंत फोडलेली होतीच. पाटी त्या भगदाडात बरोबर बसली. तोंड आत केलं. सिमेंट वापरलं नाही. बापानं शिकवला तसा चुना मळला, कारण सिमेंटमधला दगड फोडूनच निघतो, चुन्यातला अखंड निघतो. बेकरी एकदा चालू झाली की आपणच काढू आणि देऊन टाकू, असं त्यानं स्वतःला बजावलं. कामावरचं पाणी सणासाठी बंद होतं. तेक्लानं पहाटेच जाऊन आणलेली संताच्या पाण्याची घागर कोपऱ्यात होती. ती त्यानं चुन्यात ओतली. ओली दरज दिसू नये म्हणून भिंतीपुढे चुन्याची पोती रचली.

सादुर्नीला सकाळी सगळं सांगायचं, असंही त्यानं ठरवलं होतं. तो चिडेल, शिव्या घालेल, दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी पट्टा धरायला येईल. पण सादुर्नी पडला सरळ माणूस. साडेसातला वेंतुरा पोचतो तर तो संग्रहालयातल्या साहेबाला घेऊन खड्ड्याशी उभा. खड्डा रिकामा.

"कुठे आहे तुमचा दगड?" साहेबानं विचारलं.

सादुर्नीनं खड्ड्यात पाहिलं, मग वेंतुराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. "यानंही बघितलाय. विचारा."

वेंतुरा तेव्हा खरं बोलता तर काय झालं असतं? दोरी बांधली गेली असती, मेहुण्यानं शिव्या घातल्या असत्या. गळ्याला फास काही लागला नसता. पण भिंतीपलीकडे तेक्ला उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि त्याची जीभ आपोआप वळली.

"परवा होता," तो म्हणाला. "आज बघतोय तर नाही."

अर्धं खरं होतं ते, आणि म्हणूनच सगळ्यांना पटलं. दगड होता, आता नाही, मग चोर कोण? गावानं दोन दिवसांत हिशेब लावला. सादुर्नीनं महिन्यापूर्वीच एक जुनी गाडी घेतली होती. झालं. चोराच्या उलट्या बोंबा, आधी विकला आणि मग सांगायला धावला! दारूच्या गुत्त्यात त्याला विचारू लागले, "काय सादुर्नी, सम्राट कसा किलो?" मासळीबाजारात त्याच्या बायकोला, रेमेईला, बायका म्हणायच्या, "तुला गं काय कमी, तुझ्या घरी संगमरवर शिजतो!" इसिद्रेची भट्टी लागली. आणि वेंतुरानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

पाच आठवड्यांनी गावच्या संतिणीची, सांता तेक्लाची जत्रा आली. चौकात मनोरे लागले. वेंतुरा तळाला उभा राहिला, समोर बघत. सादुर्नी नेहमीसारखा मागे आला. त्याचे हात बरगड्यांखाली आले न आले तोच मनोरा रचणाऱ्या मेळ्याच्या नायकाचा आवाज आला: "सादुर्नी, आज पाठीला दुसरा राहील." कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही. दोन हात गेले, दुसरे दोन हात आले. वेंतुरा वळला नाही. तळाच्या माणसानं वळायचं नसतं. त्या दिवशी त्याला त्या नियमाचा फार आधार वाटला. मनोरा लागला, उतरला, टाळ्या झाल्या, आणि त्यानं मागे पाहिलं तेव्हा सादुर्नी पट्टा सोडून, घडी करून निघून गेला होता.

तो खाली बंदराकडे, कोळ्यांच्या सेराल्यो वस्तीत राहायला गेला. गवंडीकाम सोडलं, सासऱ्याच्या होडीवर लागला. वरचं शहर ते सेराल्यो, पायी अर्धा तास. तो अर्धा तास पंचेचाळीस वर्षांत दोघांपैकी कुणी चालला नाही. कुणाच्या मयताला गाठ पडली तर सादुर्नी विचारायचा, "पाठ कशी आहे?" वेंतुरा म्हणायचा, "बरी आहे." बरी नव्हती. पुढे चौदा वर्षं तो तळाला उभा राहिला, आणि मनोरा थरथरला की दर वेळी त्याला वाटायचं, मागे कुणी नाहीच.

सोमवारी दुपारी तो तेक्लाकडे गेला. ती खिडकीत हेझलनट फोडत बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची, पण जीभ अजून सव्वीसची.

"बघितलंस वाटतं," त्याचं तोंड बघून ती म्हणाली.

"त्या पोरीला वाटतंय अडीचशे वर्षांपूर्वीचं काम आहे."

"मग वाटू दे की! लाज वाटण्याजोगं काय आहे त्यात? चांगलं काम केलंयस." तिनं टरफल टाकलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वेंतुरा. इसिद्रे गेला, तो नायक गेला, संग्रहालयातला साहेब गेला. आता सांगून कुणाला सांगणार आहेस? चौकातल्या कबुतरांना?"

"सादुर्नी आहे."

तेक्लाचा हात थांबला.

"त्या दगडावर माझी पोर शिकली," ती म्हणाली. "डॉक्टर झाली. मी रोज पहाटे त्या भिंतीसमोर पीठ मळलं. तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं आत काय आहे? संताचं पाणी घरी का आलं नाही, हे मी तुला कधी विचारलं का?"

"नाही."

"मग तूही मला विचारू नकोस, सांगू का म्हणून. पापाला भागीदार शोधायची वेळ गेली, बाबा. जायचं तर जा."

मंगळवारी तो सेराल्योला गेला. सादुर्नी दारात खुर्ची टाकून लसूण सोलत होता. शेजारी बदाम आणि भिजवलेल्या सुक्या मिरच्या. रेमेई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मंगळवारी माशाचा रस्सा हा तिचा नियम त्यानं मोडला नव्हता. एक गुडघा कामातून गेलेला, हात मात्र अजून गवंड्याचे.

"अरे! वरचे लोक खाली? समुद्र आटला की काय?"

"सहज आलो."

"सहज? पंचेचाळीस वर्षांनी सहज? बस, लसूण सोल. फुकट कुणाला बसू देत नाही मी."

वेंतुरा बसला. पाकळी हातात घेतली. वाटेत शंभर वेळा घोकलेलं वाक्य जिभेवर आलं, आणि तेवढ्यात सादुर्नीच बोलला.

"बरं झालं आलास. एक गोष्ट राहिली होती. रेमेई जाताना म्हणाली, वेंतुराला एकदा सांग. सगळं गाव मला चोर म्हणालं रे. माझा सख्खा चुलतभाऊ म्हणाला. तू कधी म्हणाला नाहीस. गुत्त्यात लोक बोलायला लागले की तू उठून जायचास, हे मला कळायचं. तो दगड इसिद्रेनं विकला, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बहिणीचा नवरा पडला, तू काय बोलणार! कात्रीत सापडलास. मी रेमेईला म्हणायचो, त्या गावात एकच सरळ माणूस आहे, आणि तोही अडकलाय."

वेंतुराच्या हातातली पाकळी चुरली. शिव्या ऐकायची तयारी करून तो आला होता, मार खायचीही. याची तयारी नव्हती. त्याला वाटलं, आत्ता बोललो नाही तर माणूस म्हणवून घ्यायची लायकी नाही. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"दगड सापडलाय," तो म्हणाला. "बेकरीच्या भिंतीत. चल, दाखवतो."

सादुर्नीचा चेहरा उजळला. नुसता उजळला नाही. तीस वर्षांनी मागे गेला. "भिंतीत? म्हणजे विकलाच नाही त्यानं? अरे, म्हणजे दगड होता! मी म्हणत होतो ना, होता! थांब, सदरा बदलतो." लसूण तसाच टाकून तो आत गेला. दारात बसलेला वेंतुरा स्वतःला मनातल्या मनात भेकड, हरामखोर, सगळं म्हणून झाला. सदरा बदलून आलेल्या त्या म्हाताऱ्यानं केसही ओले करून विंचरले होते.

बसनं दोघं वर आले. शेवटच्या पायऱ्या सादुर्नी वेंतुराच्या खांद्याला धरून चढला. वाटेत बोलत होता एकसारखा: अमक्याला सांगायला पाहिजे, तमका जिवंत आहे का, नायकाच्या पोराला तरी सांगू. जिवंत फारसं कुणी नव्हतं.

मिरेया भिंतीचे फोटो काढत होती. वेंतुरानं ओळख करून दिली. सादुर्नी हसतच तिला म्हणाला, "बाई, हा दगड माझ्या कुदळीला लागला होता. चौऱ्याहत्तर साली. इथेच, भट्टीखाली."

मिरेयानं वेंतुराकडे पाहिलं, मग सावकाश, म्हाताऱ्यांशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आजोबा, तो वेगळा असेल हो. असे दगड इथे घराघरात आहेत. हा तर अडीचशे वर्षांपूर्वीच भिंतीत गेलाय. तो तुमचा गेला तो गेलाच. कुणीतरी विकला असेल."

सादुर्नीचं हसू जागच्या जागी विझलं. पुन्हा तेच. दगड नव्हता, किंवा होता आणि विकला. पंचेचाळीस वर्षांनी, सदरा बदलून, केस विंचरून तो तेच ऐकायला वर आला होता. वेंतुराला ते बघवेना.

सादुर्नी भिंतीपाशी गेला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अंगठा दरजेवरून फिरवला, वरच्या, मग बाजूच्या. दरज भरताना थापी जिथे थांबते तिथे चुन्याची बारीक मुरड राहते. उजव्या हाताच्या माणसाची ती एका बाजूला राहते, डावखुऱ्याची दुसऱ्या. आजूबाजूच्या सगळ्या भिंतीत ती एका बाजूला होती. या एका दगडाभोवती दुसऱ्या बाजूला. त्याचा अंगठा तिथे थांबला, मागे आला, पुन्हा गेला. पंधराव्या वर्षापासून ज्याच्या डाव्या हाताशेजारी त्यानं उजव्या हातानं काम केलं, त्याची मुरड त्याला ओळखायला किती वेळ लागणार!

तो वळला. वेंतुराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, चौऱ्याहत्तरच्या सकाळी पाहिलं होतं तसंच.

भिंतीपलीकडे आज तेक्ला उभी नव्हती. कुणीच नव्हतं. वेंतुराला कुणाची आडकाठी नव्हती, आणि तरी जीभ टाळ्याला चिकटली. मग ती सुटली.

"अडीचशे वर्षं नाही, पोरी," तो म्हणाला. "मी बसवला. पाण्याच्या सणाच्या दिवशी. याच्या कुदळीला लागला, याला सांगायचं होतं, मी लपवला. इसिद्रेनं नाही. मी. आणि साहेबासमोर खोटं बोललो. यानं काही विकलं नाही. यानं कधी काही केलं नाही."

मिरेयाला ते खरं वाटेना. "आजोबा, पण हा चुना…"

"तो खरं बोलतोय," सादुर्नी म्हणाला. आवाज अगदी कोरडा. "तो डावखुरा आहे. दरज बघा. लिहून घ्या. त्याचं नाव लिहा. आणि लिहा की दुसरा एक जण होता, त्याला सांगायचं होतं. सादुर्नी. गवंडी." मग थोडं थांबून म्हणाला, "कोळी लिहू नका."

मिरेयानं लिहून घेतलं. दोन्ही नावं तिनं मोठ्या अक्षरांत लिहिली.

दोघं बाहेर पडले. गल्लीत ऊन होतं, चौकात जत्रेचे बांबू रचणं चाललं होतं. दोघं पायऱ्यांच्या तोंडाशी आले.

"मला शिव्या घाल," वेंतुरा म्हणाला. "काही तरी बोल. मी तुझं वाटोळं केलं, सादुर्नी. रेमेईचंही केलं."

"तू गप्प होतास ते मी समजून घेतलं होतं," सादुर्नी म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं घेतलं. बायकोला समजावलं. ती म्हणायची, वेंतुराला सगळं माहीत असणार. मी तिच्याशी भांडायचो. एकदा तर दोन दिवस जेवलो नाही, ती तुला वाईट बोलली म्हणून." त्यानं कठड्याला धरलं. "तिला आता काय सांगू?"

वेंतुराच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. पायऱ्या उभ्या होत्या, सादुर्नीचा गुडघा धड नव्हता. वेंतुरानं हात पुढे केला.

"नको. तू पुढे हो," सादुर्नी म्हणाला. "मी मागे आहे."

वेंतुरा पुढे झाला. उतरताना म्हाताऱ्यानं आधाराला खांदा धरायचा तर पुढच्याचाच, म्हणून तो सावकाश, एकेक पायरी उतरू लागला, पाठ ताठ ठेवून, मागून हात येईल म्हणून. वळून बघायची त्याला हिंमत नव्हती, आणि सवयही नव्हती. पाचव्या पायरीवर त्याला वाटलं, श्वास ऐकू येतोय. दहाव्या पायरीवर वाटलं, तो आपलाच आहे. तो सगळ्या पायऱ्या उतरला. खाली पोचल्यावर मात्र तो मागे वळला.

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. वरच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, लंगडत लंगडत, कठड्याला धरून, सादुर्नी लांबच्या वाटेनं बस थांब्याकडे निघाला होता.